लग्नाच्या केकवरचं कागदी फूल: साखर, सोमल आणि पुठ्ठा

आजच्या व्याख्यानाचं शीर्षक वाचून काहींना वाटलं असेल की इथे कात्री, डिंक आणि रंगीत कागद घेऊन बसायचं आहे. फुलं कशी करतात तेही आपण शेवटी थोडं पाहणार आहोत. पण मुख्य विषय इतिहासाचा आहे.

अलीकडे लग्नाच्या केकवर हाताने केलेली कागदी फुलं पुन्हा दिसू लागली आहेत. नवरीच्या बहिणी, मैत्रिणी, कधी खुद्द नवरा-नवरी चार संध्याकाळी बसून गुलाब, कमळं, चाफा करतात आणि केकवाल्याकडे नेऊन देतात. मग घरातलं कुणीतरी मोठं माणूस हमखास विचारतं, "केक खायची वस्तू ना? त्यावर कागद कशाला? साखरेची फुलं परवडली नाहीत का?" प्रश्न साधा आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी, की साखरेचं फूल म्हणजे अस्सल आणि कागदाचं फूल म्हणजे त्याची नक्कल, गरिबाची सोय.

आज आम्हाला हेच गृहीत तपासून बघायचं आहे. आमचं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. मजल्यांचा पांढरा लग्नाचा केक ब्रिटनमध्ये घडला, आणि तो घडला तेव्हापासूनच त्याचा एक भाग खाण्याचा होता आणि एक भाग बघण्याचा. बघण्याचा भाग साखरेचा असावा, कापडाचा असावा की कागदाचा, हे कुणाच्या आवडीनिवडीपेक्षा साखरेच्या भावाने, मजुरीच्या दराने आणि एकदा तर चक्क सरकारी हुकमाने ठरलं. आणि या सगळ्या स्वस्त-महागाच्या हिशेबात ज्यांच्या हातांनी ते काम झालं, त्यांचा हिशेब मात्र मांडायचा राहून गेला.

तर सुरुवात साखरेपासून करू. इंग्रजीतला 'शुगर' हा शब्द आपल्या 'शर्करा'पासून फारसी आणि अरबी वाटेने युरोपात गेला. 'कँडी' गेला तो 'खंड'वरून, म्हणजे आपण ज्याला खांड म्हणतो, खडीसाखर म्हणतो, त्यावरून. शब्द आपल्याकडून गेला, पण ज्या साखरेने इंग्लंडचा केक पांढरा झाला, ती वेस्ट इंडिजच्या मळ्यांतली होती आणि ते मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर चालत होते.

१७६९ साली एलिझाबेथ रॅफल्ड या बाईंनी इंग्लंडमध्ये पाककृतींचं एक पुस्तक छापलं. त्या आधी मोठ्या घरी कारभारीण होत्या, पुढे मँचेस्टरला दुकान चालवत. त्यांच्या पुस्तकात 'नवरीच्या केक'ची कृती आहे आणि तिच्यात दोन थर सांगितले आहेत: आधी बदामाचा लेप आणि त्यावर साखरेचा पांढरा लेप. आजही जुन्या पद्धतीचा इंग्लिश लग्नाचा केक असाच असतो. आत सुका मेवा घातलेला गडद, जड केक, त्यावर मार्झिपान, त्यावर पांढरं आयसिंग.

पण हा पांढरा रंग सोपा नव्हता हं. त्या काळी शुद्ध साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेत मिळे. ती चिमट्याने तोडायची, खलात कुटायची, तलम कापडातून चाळायची, अंड्याच्या पांढऱ्यात घालून खूप वेळ फेटायची. साखर जितकी जास्त शुद्ध तितका लेप जास्त पांढरा, आणि जितकी शुद्ध तितकी महाग. म्हणजे केकचा पांढरेपणा बघूनच पाहुण्यांना कळे की यजमानाची ऐपत काय आहे. पावित्र्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला; सुरुवातीला तो पैशाचा रंग होता.

आता ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी १८३४ पासून कायद्याने संपली. मग मळ्यांवर राबायचं कुणी? उत्तर म्हणून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली, आणि इथे मराठी माणसाचा थेट संबंध येतो. त्याच १८३४ सालापासून हिंदुस्थानातले मजूर मॉरिशसला जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे सुमारे साडेचार लाख लोक उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले आणि घाटावरचे मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात, गणेशोत्सव करतात. पोर्ट लुईमधला धक्का, आप्रवासी घाट, आता जागतिक वारसास्थळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मॉरिशसची साखर मोठ्या प्रमाणावर ब्रिटनला जात होती. तेव्हा लंडनच्या केकवरच्या पांढऱ्या थरात रत्नागिरीकडच्या कुणाचा घाम नव्हता असं म्हणता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर १० फेब्रुवारी १८४० चा केक बघा. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचं लग्न. तेव्हाच्या वर्णनांप्रमाणे केकचं वजन जवळपास ३०० पौंड, म्हणजे साधारण १३६ किलो. घेर ९ फूट, जाडी १४ इंच. एकच थर, पण गाडीच्या चाकासारखा. वर काय होतं? ब्रिटानियाची मूर्ती वधूवरांना आशीर्वाद देते आहे, आणि हे वधूवर प्राचीन रोमन वेशात आहेत. पायाशी इमानाचं प्रतीक म्हणून कुत्रा. एक कामदेव मांडीवर वही घेऊन लग्नाची तारीख लिहितो आहे. आणि या सगळ्याभोवती पांढऱ्या फुलांचे लहान लहान गुच्छ, साटीनच्या फितीने बांधलेले. हे गुच्छ खायचे नव्हते. पाहुण्यांनी आठवण म्हणून घरी न्यायचे होते.

ही बारीक गोष्ट आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ज्या केककडे पुढची शंभर वर्षं सगळा इंग्लंड बघत राहिला, त्याच केकवरची फुलं ताटात नव्हे, तर हातात घेऊन जाण्यासाठी होती.

पुढे १८५८ मध्ये राणीच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा केक उंच, मजल्यांचा झाला. पण गंमत अशी, की खालचा भागच काय तो खरा केक होता. वरचे मजले साखरकामाचे, म्हणजे शोभेचे. सगळे मजले खऱ्या केकचे, हे घडलं १८८२ मध्ये, राणीचा मुलगा प्रिन्स लिओपोल्ड याच्या लग्नात. म्हणजे मजली केकची पहिली पंचवीस वर्षं तरी तो बराचसा देखावाच होता. आज हॉलमध्ये पाच मजली केक असतो आणि त्यातले चार मजले थर्माकोलचे असतात, सुरी फक्त एकाच मजल्यात जाते, तेव्हा आपल्याला वाटतं की हा हल्लीचा खोटेपणा. तसं नाही. ही त्या केकची मूळचीच रीत आहे.

१८७४ मध्ये ब्रिटनने साखरेवरचा कर पूर्ण काढून टाकला. बीटाची साखरही बाजारात येत होती. साखर स्वस्त झाली आणि राजवाड्यातला पांढरा केक दुकानदाराच्या, कारकुनाच्या, हळूहळू कामगाराच्या लग्नात आला. पण एक अडचण होती. साखर स्वस्त झाली, तरी साखरेचं फूल स्वस्त झालं नाही. त्याला कसबी कारागीर लागतो. एकेक पाकळी वाळवावी लागते, आणि हवेत दमटपणा असला की ती मऊ पडते, धक्का लागला की तुटते. ताजं फूल घ्यावं तर ते संध्याकाळपर्यंत मान टाकतं. शिवाय लग्नात मान होता संत्र्याच्या मोहराला, आणि लंडनच्या थंडीत संत्र्याचा मोहर येणार कुठून? काचघरातून, म्हणजे पुन्हा श्रीमंतांकडूनच. खुद्द अल्बर्टने व्हिक्टोरियाला १८३९ मध्ये संत्र्याच्या मोहराचं पदक दिलं, ते सोन्याचं होतं आणि त्यातली फुलं चिनीमातीची होती.

मग बाकीच्यांनी काय केलं? मेणाची, कापडाची, कागदाची फुलं वापरली. इंग्लंडमध्ये केकच्या माथ्यावर छोटी फुलदाणी, चंदेरी कागदाची पानं, पांढरी कृत्रिम फुलं, कडेने कागदी झालर असा साज रूढ झाला. केक कापायच्या आधी तो उतरवायचा, डबीत घालून जपून ठेवायचा. वरचा मजला पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी ठेवायची तिकडे पद्धत होती. तो केक दारूत मुरवलेला असल्याने टिकायचा. साखर कालांतराने पिवळी पडते, कागद मात्र टिकतो. तेव्हा आठवण म्हणून ठेवायची वस्तू कागदाची असणं यात काही कमीपणा नव्हता. ते त्या कामाला योग्यच होतं.

आता ही फुलं करत कोण होतं? इथे दोन बायकांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून बघायला हवी.

पहिली मेरी डिलेनी. जन्म १७००. वयाच्या ७२ व्या वर्षी, दुसऱ्यांदा वैधव्य आल्यावर, त्यांनी रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या कागदावर चिकटवून फुलझाडांची चित्रं करायला घेतली. एकेका फुलात शेकडो तुकडे असत. पाकळीवरची शीर, पुंकेसर, पानाचा वाळलेला कोपरासुद्धा कागदाचा. जवळपास दहा वर्षांत, नजर साथ देईना तोपर्यंत, त्यांनी हजाराच्या आसपास चित्रं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही ती अचूक मानली जातात. कागदी फूल म्हणजे हलकं काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती एकदा पाहावीत.

दुसरी मॅटिल्डा शूरर. वय १९. लंडनमध्ये कृत्रिम फुलांच्या कारखान्यात कामाला होती. तिचं काम होतं पानांवर हिरवी पूड भुरभुरवायचं. ही हिरवी पूड म्हणजे तांबं आणि सोमल यांचं संयुग. शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७५ च्या सुमारास असा एक हिरवा रंग तयार केला, पुढे १८१४ मध्ये त्याहून तेजस्वी प्रकार निघाला. रंग सुरेख, स्वस्त आणि दिव्याच्या उजेडात उठून दिसणारा. भिंतीच्या कागदावर, कपड्यांवर, फुलांच्या पानांवर, सगळीकडे तोच. पूड नखांत जायची, श्वासात जायची, आणि त्याच हातांनी मुली दुपारचा डबा खायच्या. २० नोव्हेंबर १८६१ रोजी मॅटिल्डा गेली. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग हिरवा झाला होता, आणि आपल्याला जे दिसतं ते सगळं हिरवंच दिसतं असं तिने डॉक्टरांना सांगितलं होतं.

यावर स्त्रियांच्या एका आरोग्य संघटनेने हॉफमन या नामवंत रसायनशास्त्रज्ञाकडून अशा पानांची तपासणी करून घेतली. त्यांनी १८६२ च्या सुरुवातीला जाहीर केलं, की एका बाईच्या डोक्यावरच्या फुलांच्या साजात वीस माणसं मरतील इतका सोमल असू शकतो. 'पंच' या व्यंगसाप्ताहिकाने सोमलाच्या नृत्याचं चित्र छापलं: सांगाडा सांगाडीणीला नाचायला बोलावतो आहे. चर्चा खूप झाली. बंदीचा कायदा मात्र लगेच झाला नाही. गिऱ्हाइकांनी हिरव्याकडे पाठ फिरवली, तेव्हा कुठे तो वापर ओसरला.

आणि हा प्रश्न केकपासून दूर नव्हता. १८५० च्या दशकात आर्थर हिल हॅसल या डॉक्टरांनी लंडनमधल्या खाद्यपदार्थांची सूक्ष्मदर्शकाखाली आणि रसायनांनी तपासणी केली, आणि 'लान्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. रंगीत मिठाईत त्यांना शिशाचे, पाऱ्याचे, सोमलाचे रंग सापडले. म्हणजे तेव्हा साखरेचं फूल खाण्याजोगं असतं म्हणून ते सुरक्षित, हेही खरं नव्हतं. कागदी पानावर जो विषारी हिरवा, तोच साखरेच्या पानावर असू शकत होता. फरक इतकाच की कागदाचं पान कुणी तोंडात घालत नव्हतं.

डिलेनीबाईंचं नाव संग्रहालयात आहे. मॅटिल्डाचं नाव आपल्याला ठाऊक आहे ते केवळ तिच्या मृत्यूमुळे. तिच्यासारख्या हजारोंचं नावही उरलं नाही. अटलांटिकच्या पलीकडे न्यूयॉर्कमध्ये वेगळं नव्हतं. तिथे कृत्रिम फुलांचं काम चाळींमधून, बहुतेक इटालियन कुटुंबांकडून करून घेतलं जाई. लुईस हाइन या छायाचित्रकाराने १९०८ ते १९१२ च्या काळात बालमजुरीविरोधी समितीसाठी फोटो काढले, त्यांत एका टेबलाभोवती आई, आजी आणि चार-पाच वर्षांची मुलं पाकळ्या चिकटवताना दिसतात. १९१३ मध्ये मेरी व्हॅन क्लीक यांनी याच धंद्यावर संपूर्ण पुस्तक लिहिलं. त्यात मुद्दा स्पष्ट आहे: फूल नाजूक दिसतं, त्यामागची मजुरी नाजूक नसते. वर्षातले काही महिने दिवसरात्र काम, बाकी महिने रिकामे हात.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे कागदी फूल वाईटच की! थांबा. साखरेचा हिशेब आपण आधीच पाहिला आहे. साखर आणि कागद यांत एक निर्मळ आणि दुसरं मलिन, असं काही नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: हे कुणी केलं, आणि त्याला काय मिळालं?

आता आपण दुसऱ्या महायुद्धाकडे येऊ, कारण कागदाने साखरेची जागा पूर्णपणे घेतली ती तेव्हा. ८ जानेवारी १९४० रोजी ब्रिटनमध्ये खाण्याच्या जिनसांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या तीन जिनसांत साखर होती. युद्धकाळात बहुतेक वेळा माणशी आठवड्याला ८ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास साखर मिळे. चहाही त्यातच आणि गोडधोडही त्यातच. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सरकारने केकवर आयसिंग लावून विकायला बंदी केली. पोटात गेलेली साखर ठीक, पण शोभेची साखर नको, असा हिशेब. साखर जहाजाने यायची आणि जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. खलाशांच्या जिवावर आलेली साखर भिंतीला चुना लावावा तशी केकला कशी लावायची?

पण लग्नं थांबली नाहीत. उलट घाईने होऊ लागली. नवऱ्या मुलाला दोन-तीन दिवसांची रजा मिळायची, मग तो आघाडीवर. अशा वेळी पांढरा केक हवाच होता. मग बेकरीवाल्यांनी तोडगा काढला. पुठ्ठ्याचे, कुठे प्लास्टर ऑफ पॅरिसचे, तीन मजली पोकळ केक तयार केले. बाहेरून पांढरे, वर आयसिंगसारखी नक्षी, फुलं, झालरी. हे केक भाड्याने मिळत. आत किंवा खाली एक छोटासा खरा केक ठेवलेला असे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापल्या वाट्यातून मूठभर मनुका, थोडी साखर, एखादं अंडं दिलेलं. त्यातून तो झालेला. फोटो काढताना सुरी पुठ्ठ्याच्या केकवर टेकवायची. फोटो झाला की पुठ्ठा उचलायचा आणि आतला केक पाहुण्यांत वाटायचा. पुढच्या शनिवारी तोच पुठ्ठा दुसऱ्या लग्नात.

आमच्या मते या पुठ्ठ्याच्या केकला फसवणूक म्हणणं चूक आहे. फसवणुकीत एका बाजूला माहीत असतं आणि दुसऱ्या बाजूला नसतं. इथे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. ज्या काकूने मनुका दिल्या तिला माहीत, फोटोग्राफरला माहीत, भटजींच्या जागी उभ्या असलेल्या पाद्र्यालाही माहीत. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की आज आपण याला केक म्हणू. आणि खरी किंमत होती ती आतल्या लहानशा केकला, कारण त्यात दहा घरांचा वाटा होता.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. नवरदेवाच्या कपाळावरचं बाशिंग बघा. कागद, बेगड, मणी, लोकर. त्यातली फुलं कागदाची आहेत म्हणून बाशिंग खोटं, असं कुणी म्हणत नाही. उलट बाजूने बघायचं तर हलव्याचे दागिने. नव्या सुनेला संक्रांतीला घालतात ते. साखरेचे असतात, पण ते मुख्यतः लेवून मिरवण्यासाठी. आणि रुखवतात मांडलेल्या वस्तूंपैकी किती खायच्या आणि किती बघायच्या, हे मांडणाऱ्या मावशीला चांगलं ठाऊक असतं. खाण्याजोगं आणि शोभेचं यांची सरमिसळ लग्नात सगळीकडेच असते.

पुन्हा ब्रिटनकडे. २० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं. युद्ध संपून दोन वर्षं झाली होती, रेशनिंग चालूच होतं. तिच्या मुख्य केकची उंची ९ फूट, मजले चार, वजन सुमारे ५०० पौंड. त्यासाठीचे जिन्नस ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी भेट म्हणून पाठवले होते. दहा हजार मैलांवरून आले म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला 'दहा हजार मैलांचा केक' म्हटलं. त्या वेळी सामान्य घरांतून रेशनचीच साखर होती, आणि ती थेट सप्टेंबर १९५३ पर्यंत. म्हणजे राज्याभिषेकाचा सोहळा होऊन गेला तरी साखर मोकळी झालेली नव्हती. एक पूर्ण पिढी पुठ्ठ्याच्या, नाहीतर अगदी साध्या केकवर लग्न करून संसाराला लागली. मग साखर मोकळी झाल्यावर त्याच पिढीने आपल्या मुलींच्या केकवर भरभरून आयसिंग केलं आणि कागद म्हणजे टंचाई, हे समीकरण घट्ट झालं. "साखरेची फुलं परवडली नाहीत का?" या प्रश्नामागे अशी आठवण आहे.

आपल्याकडे मुंबई, वसई, पुण्याचा कँप, गोवा इथल्या ख्रिस्ती लग्नांमधून हा केक ओळखीचा झाला, आणि आता तो हिंदू लग्नांच्या स्वागतसमारंभातही कापला जातो. केक आला, त्याच्याबरोबर तो प्रश्नही आला.

तर मग आज कुणाला केकवर कागदी फुलं लावायची असतील तर इतिहासातून काय घ्यावं? दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट रंगाची. सोमलाचा हिरवा गेला, पण क्रेप कागद आणि पतंगी कागद यांचे रंग आजही खाण्यासाठी केलेले नसतात. ओलावा लागला की रंग सुटतो, आणि लोण्याच्या क्रीमचं तेल कागद शोषून घेतो. म्हणून कागदाचा केकशी थेट संपर्क येऊ देऊ नये. मध्ये पुठ्ठ्याची छोटी चकती ठेवावी, तिला खालून बटर पेपर लावावा. तार सरळ केकमध्ये खुपसू नये. आधी खाण्याच्या पदार्थात चालेल अशी नळी रोवून तिच्यात देठ ठेवावा. आणि केक कापायच्या आधी सगळी फुलं मोजून उतरवावीत. मोजून म्हणतोय, कारण एखादी बारीक तार लहान मुलाच्या तुकड्यात जायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट करण्याची. क्रेप कागदाला एका दिशेने ताण असतो. पाकळी कापताना सुरकुत्यांची रेघ देठाकडून टोकाकडे ठेवायची, मग अंगठ्याने मधोमध ताणलं की पाकळीला खोलगटपणा येतो. कडा पेन्सिलीवर गुंडाळली की ती बाहेर वळते. गुलाबाला आतल्या पाकळ्या लहान आणि घट्ट, बाहेरच्या मोठ्या आणि सैल. एवढं जमलं तर बाकी सराव. खाण्याजोगा कागदही मिळतो. तो बटाट्याच्या पिठूळ सत्त्वापासून करतात, चर्चमधल्या ओस्तियाच्या जातीचा. त्याचीही फुलं होतात, पण ती पाण्याच्या थेंबाने विरघळतात.

तिसरी गोष्ट हातांची. आणि आजच्या व्याख्यानात काही लक्षात ठेवण्यासारखं असेल तर ते हेच. घरी बहिणी-मैत्रिणींनी केलेलं फूल आणि बाजारातून शेकड्याने आणलेलं फूल दिसायला सारखं असेल. पहिल्याचे हात आपल्याला माहीत असतात. दुसऱ्याचे नसतात. शंभर फुलं फार स्वस्तात मिळाली तर उरलेली किंमत कुणीतरी भरलेली असते, हे लंडन आणि न्यूयॉर्कच्या त्या मुलींवरून आपल्याला कळतं. विकत घेऊ नका असं आम्ही म्हणत नाही. कुणाचं तरी पोट त्यावर असतं. पण विचारा, कुठून आलं, कुणी केलं. साखरेचं फूल घेतानाही विचारा.

तेव्हा, "साखरेची फुलं परवडली नाहीत का?" असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायला हरकत नाही, की ब्रिटनच्या राणीच्या केकवरची फुलंसुद्धा खायची नव्हती, पाहुण्यांनी घरी न्यायची होती. आणि ही फुलं कुणी केली, हे आम्ही नावानिशी सांगू शकतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.